‘गेरॉन्टियस’ची बार्बिरॉलींची सीडी आणि बाबांची खोली

सुरुवातीलाच सांगते, पाश्चात्त्य वृंदगानातलं एकच मोठं काम घरात ठेवायचं असेल तर हे ठेवा. इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गारचं ‘द ड्रीम ऑफ गेरॉन्टियस’, संचालन सर जॉन बार्बिरॉली, मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा, ध्वनिमुद्रण डिसेंबर १९६४. दोन सीडींचा संच आहे. मूळ एचएमव्हीचा, आता वॉर्नरच्या नावाने मिळतो. त्यात दोष आहेत, तेही पुढे सांगणार आहे. पण मागच्या सप्टेंबरपासून माझ्या घरात दुसरं काहीच इतक्या वेळा वाजलेलं नाही, आणि हे लागलं की प्रत्येक वेळी मी हातातलं काम बाजूला ठेवून बसले आहे.

मी मूळची मिरजेची. गेली २३ वर्षं बर्मिंगहॅममध्ये राहते, शाळेत गणित शिकवते. लहानपणी गांधर्वच्या परीक्षा दिल्या होत्या, प्रवेशिका पूर्णपर्यंत. मग दहावी-बारावी आली आणि गाणं सुटलं. तीन वर्षांपूर्वी इथल्या एका हौशी गायकवृंदात नाव घातलं. आवाज ढाला, म्हणून दुसऱ्या ऑल्टोत, म्हणजे बायकांमधल्या सगळ्यात खालच्या आवाजांत, बसवलं. सप्टेंबरमध्ये आमच्या संचालकांनी वसंतातल्या कार्यक्रमासाठी ‘गेरॉन्टियस’ जाहीर केलं, तेव्हा माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई, वय ७६, हे काम आधी पाच वेळा गायलेल्या, माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आधी जॅनेट बेकरला ऐक. नोट्स काय, पाठ होतील नंतर.” बेकर म्हणजे या ध्वनिमुद्रणातला देवदूत गाणारी बाई.

पहिल्यांदा ऐकलं ते फोनवर, शाळेतून परतताना, बसमध्ये. तसं ऐकू नका. हे काम सलग आहे. गाणी, मग टाळ्या, मग पुढचं गाणं, असं नाही. एक प्रसंग दुसऱ्यात उतरत जातो, मधे श्वास घ्यायलाही थांबत नाही. मी वापरत होते त्या ॲपने प्रत्येक ट्रॅकच्या शेवटी फट पाडली. एखाद्या विलंबित ख्यालात दर आवर्तनानंतर कुणी दिवा बंद करून परत लावावा, तसं झालं. म्हणून सीडी घेतली. पहिली घेतली ती जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून, आणि तिच्यातल्या दुसऱ्या तबकडीवर ओरखडा निघाला, तोही नेमका सैतानांच्या कोरसमध्ये. मग नवी मागवली. ऑनलाइनच ऐकायचं असेल तर सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ चालू आहे ना, ते आधी बघा.

गोष्ट साधी आहे. गेरॉन्टियस म्हणजे म्हातारा माणूस. ग्रीक शब्दावरून आलेलं नाव. हा माणूस मरायला टेकला आहे. पहिल्या भागात तो अंथरुणावर आहे, भोवती माणसं प्रार्थना म्हणताहेत, आणि भागाच्या शेवटी तो जातो. दुसरा भाग त्यानंतरचा. त्याचा आत्मा जागा होतो, एक देवदूत त्याला सोबत करतो, दोघं सैतानांच्या आरडाओरड्याजवळून आणि देवदूतांच्या स्तुतिगानातून जातात, क्षणभर देवाचं दर्शन होतं, आणि मग देवदूत त्या आत्म्याला शुद्धीच्या पाण्यात हलकेच सोडतो. एवढंच. सगळं मिळून दीड तासाच्या थोडं वर.

मूळ कविता कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांची, १८६५ मधली. एल्गारने तिचा साधारण निम्मा भाग घेतला. न्यूमन आमच्याच गावचे म्हणायचे. त्यांनी स्थापन केलेली ऑरेटरी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा मठ, बर्मिंगहॅममध्ये हॅगली रोडवर आहे, आणि एल्गारचं हस्तलिखित आजही तिथेच आहे, कारण त्यानेच ते ऑरेटरीला दिलं. त्या रस्त्याने मी वर्षानुवर्षं जाते-येते. आत काय ठेवलं आहे, हे मात्र या सीडीसोबतची पुस्तिका वाचल्यावर शोधाशोध केली तेव्हा कळलं. एल्गार कॅथलिक. त्याच्या वडिलांचं वूस्टरला वाद्यांचं दुकान होतं आणि ते तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. ही कविता त्याच्या मनात दहा वर्षं तरी घर करून होती. १८८९ मध्ये लग्नात भेट म्हणून मिळालेल्या तिच्या प्रतीत ब्रिटिश सेनापती जनरल गॉर्डनने खार्टूमला मरण्यापूर्वी केलेल्या खुणा उतरवलेल्या होत्या.

आता माझी गोष्ट, कारण तिच्याशिवाय मी हे परीक्षण लिहू शकत नाही.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये मिरजेला बाबा गेले. भावाचा फोन आला तशी मी निघाले आणि शेवटचे अकरा दिवस त्यांच्यापाशी होते. बाहेर पाऊस. आत पलंग, उशाशी पाण्याचं फुलपात्र, कोपऱ्यात त्यांची हार्मोनियम. नवव्या दिवसापासून शेजारच्या काकू आणि गल्लीतल्या आणखी तिघी-चौघी संध्याकाळी येऊन बसायला लागल्या. विष्णुसहस्रनाम म्हणायच्या, मग नुसतं नामस्मरण. मोठ्याने नाही. एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू व्हायचं, आणि सगळ्यांचं मिळून एक गुणगुणणं त्या खोलीत तरंगत राहायचं. बाबांचा श्वास मधेच अडायचा. मग त्या बायका न सांगता आणखी हळू व्हायच्या. श्वास पुन्हा सुरू झाला की आवाज किंचित वर. हे मी तेव्हा नीट ऐकलंसुद्धा नव्हतं. ऐकू आलं ते सात-आठ वर्षांनी, या सीडीवर.

पहिल्या भागात दहा मिनिटांच्या वाद्यप्रस्तावानंतर गेरॉन्टियस गातो की आपण मरणाच्या दारात आहोत, आणि अशी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याचं एक वाक्य संपतं. आणि मग, वाद्यं थांबलेली, एक छोटा वृंद ‘किरिए एलेइसन’ म्हणायला लागतो. प्रभो, दया कर. एक आवाज, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. बार्बिरॉलींनी हे इतकं हळू धरलं आहे की पहिल्या वेळी मला वाटलं, शेजारच्या खोलीतून येतंय. मी उठून आवाज वाढवायला गेले आणि तिथेच उभी राहिले. तीच गल्ली, त्याच बायका. भाषा ग्रीक, देव दुसरा, पण मरणाऱ्या माणसाभोवती बसल्यावर माणसाचा आवाज जिथे लागतो, तो तिथेच लागला होता.

पुढे तीच माणसं म्हणतात, याला सोडव, जसं तू नोआला सोडवलंस, जॉबला सोडवलंस, मोझेसला सोडवलंस, डेव्हिडला सोडवलंस. एकेक नाव आणि त्यावर वृंदाचं ‘आमेन’. काकू काय म्हणायच्या? गजेंद्राला सोडवलंस, प्रल्हादाला राखलंस, द्रौपदीची लाज राखलीस. हे एल्गारला ठाऊक असण्याचं कारण नाही आणि काकूंना ते ठाऊक असण्याचं तर नाहीच. पण प्रार्थनेचा सांगाडा तोच आहे. ज्यांना वाचवलं त्यांची यादी देवापुढे ठेवायची आणि यादीत आपल्या माणसाचं नाव घालायचं.

आणि मग तो जातो. ‘शेवटची घटका आली’ असं लॅटिनमध्ये पुटपुटतो, आवाज विझतो. त्यावर पुरोहित उभा राहतो आणि खर्जातल्या स्वरात सांगतो, नीघ, जीवा, तुझ्या प्रवासाला नीघ. आपण ‘जा’ म्हणत नाही, ‘या’ म्हणतो. अकराव्या दिवशी पहाटे काकूंनीच भावाला सांगितलं होतं, “त्यांना सांग, तुम्ही निश्चिंत या आता, आमचं आम्ही बघतो.” भावाला ते म्हणवेना. शेवटी काकूंनीच बाबांच्या कानाशी वाकून म्हटलं.

या पुरोहिताच्या जागी फिनलंडचे किम बोर्ग आहेत, आणि या संचाबद्दलची मुख्य तक्रार त्यांच्याबद्दलच आहे. आवाज भरदार आहे, पण इंग्रजी उच्चार परके लागतात. शब्द तोंडात जड होतात, काही स्वर भलतीकडे जातात. आमच्या वृंदातल्या निम्म्या लोकांना ते खटकतं. मलाही सुरुवातीला खटकलं. दुसऱ्या भागात हेच गायक आत्म्यासाठी रदबदली करणाऱ्या देवदूताची भूमिका गातात, तिथे तर शब्द कळायला पुस्तिका हातात घ्यावी लागते. बोर्ग यांच्यासाठी म्हणून हा संच कुणी घेऊ नये.

गेरॉन्टियस रिचर्ड लुइस गातात. त्यांच्यापेक्षा सुंदर आवाजाचे टेनर, म्हणजे पुरुषांमधल्या वरच्या आवाजाचे गायक, या भूमिकेला मिळालेले आहेत. लुइस यांचं वेगळेपण असं, की ते आजारी माणसासारखे गातात आणि तरी रडके होत नाहीत. ‘सँक्टस फोर्टिस’ हा मोठा भाग आहे. त्यात मरणारा माणूस सगळं बळ एकवटून आपली श्रद्धा सांगतो, आणि मधेच दुखण्याने त्याचा धीर सुटतो. बरेच गायक इथे ऑपेराच्या रंगमंचावर उभं राहिल्यासारखे गातात. लुइस पहिल्या ओळी ठणठणीत म्हणतात, पण पुढे एकेक वाक्य जरा आधीच संपवतात. दम पुरत नाहीये असं वाटतं. तो दम त्यांनी राखून ठेवलेला आहे, हे चार-पाचदा ऐकल्यावर कळतं.

आणि जॅनेट बेकर. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या ३१ वर्षांच्या होत्या. मेझो-सोप्रानो, म्हणजे बायकांमधला मधला आवाज. ना फार तार, ना फार ढाला. त्यांचा देवदूत पहिल्यांदा गातो तो “माझं काम झालं, माझी कामगिरी संपली” या अर्थाच्या ओळीने. या माणसाचा जन्मापासून सांभाळ करायचं काम देवदूताकडे दिलेलं होतं, आता त्याला घरी न्यायचं. बेकर हे अभिमानाने गात नाहीत, तर दिवसभर मुलाला सांभाळून संध्याकाळी दारात उभ्या असलेल्या बाईसारखं गातात. ओळीच्या शेवटी येणारा ‘अलेलुया’ इतका साधा सोडतात की तो दागिना वाटतच नाही. मी वेगवेगळ्या देवदूतांना ऐकलं आहे. त्यांच्यात थोर आवाज आहेत. पण ‘ही बाई या जीवाला ओळखते’ असं मला फक्त इथे वाटतं.

दुसऱ्या भागाची सुरुवात वेगळी काढून सांगायला हवी. पहिला भाग मोठ्या घोषानंतर हळूहळू विरत संपलेला असतो. मग शांतता. मग नुसती तंतुवाद्यं, अगदी मंद, कुठे जायची घाई नसलेली. आत्मा म्हणतो, मी झोपलो होतो, आता ताजातवाना झालोय. काळाचा ठोका ऐकू येत नाही. माझा श्वास नाही, नाडी नाही, एक क्षण दुसऱ्याहून वेगळा वाटत नाही. सम कुठे आहे हे इथे कळतच नाही, आणि तसं कळू नये म्हणूनच ते लिहिलेलं आहे. बार्बिरॉली मूळचे चेलोवादक. या दोन मिनिटांत तंतुवाद्यं त्यांच्या हाताखाली ज्या रीतीने एका स्वरातून दुसऱ्यात सरकतात, त्यात आपल्या मींडेची आठवण येते. आजकाल इतकं घसरत वाजवणं जुनाट समजतात. मला ते हवं आहे.

आता वृंदाबद्दल, कारण मी स्वतः ते गाते. सीडीवर हॅले कॉयर, शेफील्ड फिलहार्मोनिक कोरस आणि अँब्रोझियन सिंगर्स असे तीन वृंद एकत्र आहेत. हे गाणं किती अवघड आहे ते तालमीला उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ‘किरिए’चंच बघा. आपल्याकडे गळ्याला तानपुऱ्याचा आधार असतो, षड्ज कानात भरलेला असतो. इथे तानपुरा नाही. वाद्यं गप्प, आणि चाळीस माणसांनी एकमेकांच्या भरवशावर स्वर धरायचा. आम्ही पहिल्या तालमीत गायलो आणि संचालकांनी शेवटी पियानोचा स्वर दाबून दाखवला, तर आम्ही जवळजवळ अर्धा स्वर खाली उतरलो होतो. कुणालाच कळलं नव्हतं, कारण सगळे मिळून उतरलो होतो. त्या रात्री घरी येऊन मी बाबांच्या हार्मोनियमचा एक स्वर धरून ठेवला (ती आता माझ्याकडे आहे, भावाने विमानात स्वतः सांभाळून आणली) आणि सीडीसोबत ‘किरिए’ म्हणून पाहिलं. सीडीवरचे लोक उतरत नाहीत. एकदाही नाही.

१९०० साली पहिल्या प्रयोगात मात्र उतरले होते. ३ ऑक्टोबर १९००, बर्मिंगहॅमचा टाउन हॉल, इथला त्रैवार्षिक संगीत महोत्सव. वृंदाची तयारी करून घेणारे स्विनर्टन हीप तालमी चालू असताना जूनमध्ये वारले. त्यांच्या जागी निवृत्त झालेले वयस्कर स्टॉकली यांना परत बोलावलं. छापील पानं उशिरा हातात आली. संचालक हान्स रिख्टर जगातल्या मोठ्यांपैकी एक, पण त्यांनाही पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं आणि आवाजांचं स्वरलेखन, शेवटच्या घटकेला मिळाला. व्हायचं तेच झालं. वृंद सुरातून गेला, तालातून गेला. एल्गारने हस्तलिखिताच्या शेवटी, लेखक जॉन रस्किनचे शब्द घेऊन, माझ्यातलं उत्तम ते हेच, असं लिहून ठेवलं होतं. त्या प्रयोगानंतर आठवड्याभरात त्याने मित्राला पत्रात कळवलं, की मी एकदाच मन उघडं केलं, आता ते कायमचं बंद. वाचून माझ्या पोटात तुटलं. आम्ही तालमीत चुकतो तेव्हा मला तो सभागृहात बसून ऐकणारा माणूस आठवतो.

हे काम वाचलं ते जर्मनीमुळे. डिसेंबर १९०१ मध्ये ड्यूसेलडॉर्फला प्रयोग झाला, पुढच्या मे महिन्यात पुन्हा झाला, आणि तिथे जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउसने एल्गारच्या नावाने पेला उंचावला. इंग्लंडने त्यानंतर ते परत घेतलं. त्यातही १९०२ मध्ये वूस्टरच्या कॅथीड्रलमध्ये गायचं म्हटल्यावर अँग्लिकन मंडळींसाठी कॅथलिक शब्द बदलावे लागले. आज त्याच कॅथीड्रलमध्ये एल्गारच्या स्मरणार्थ ‘गेरॉन्टियस’ची रंगीत काचेची खिडकी आहे. नाताळच्या सुट्टीत मी ती मुद्दाम बघून आले. कडाक्याची थंडी होती आत, पण अर्धा तास हलले नाही.

सैतानांच्या कोरसमध्ये मात्र हा संच मला कमी पडतो. इथे वृंदाने घाण व्हायला पाहिजे. कुत्सित, खेकसणारं, तोंड वाकडं करून हसणारं. आमचे संचालक ओरडून सांगतात, “सुंदर गाऊ नका!” सीडीवरचे लोक जोरात गातात, पण सज्जनच राहतात. त्यात १९६४ ची ध्वनिफीत. सगळे एकदम तापले की आवाज दाटतो, शब्द एकमेकांत मिसळतात. वृंदाचे चार भाग वेगळे ऐकून आपला भाग शिकायचा असेल तर इथे उपयोग नाही. त्यासाठी मी मार्क एल्डर यांचं, याच हॅले ऑर्केस्ट्राबरोबरचं, २००८ मधलं ध्वनिमुद्रण वापरलं. ते स्वच्छ आहे, प्रत्येक भाग काचेसारखा दिसतो. शिकायला ते, बसून ऐकायला हे, असं माझं झालं आहे.

‘प्रेज टू द होलिएस्ट’ ही देवदूतांची मोठी स्तुती. दूरवरून, बायकांच्या आवाजात तुकड्या-तुकड्यांनी तिची चाहूल लागते, आणि शेवटी दार उघडल्यासारखा सगळा वृंद एकदम येतो. लाउडस्पीकर चांगले असतील तर जमीन हलते. माझे साधे आहेत, तरी खिडकीची काच वाजते.

आणि मग तो क्षण. आत्म्याला देवाचं दर्शन होतं. एल्गारने हे आधी लिहिलंच नव्हतं, टाळलं होतं. त्याचे प्रकाशक नॉव्हेलो यांच्याकडे काम करणारा ऑगस्ट येगर पत्रांवर पत्रं लिहून मागे लागला, की हा क्षण तू वगळूच शकत नाहीस. ‘निम्रॉड’ ही एल्गारची प्रसिद्ध रचना ज्याच्यावर आहे, तो हाच येगर. शेवटी एल्गारने लिहिलं. वाद्यवृंद पायरी-पायरीने चढत जातो, चढत जातो, आणि मग फक्त एक आघात. स्कोअरमध्ये सूचना आहे, की एका क्षणापुरतं प्रत्येक वाद्याने आपलं सगळं बळ लावायचं. एकाच क्षणापुरतं. डोळे दिपण्याइतकाच वेळ. त्यानंतर लगेच आत्म्याची किंकाळी, मला इथून न्या, खोल कुठेतरी मला राहू द्या. सहन होत नाही म्हणून. अर्जुनाने विश्वरूप बघून काय म्हटलं, ते ज्यांनी ऐकलं आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. बार्बिरॉली त्या आघाताआधी कणभर थांबतात. फक्त कणभर. मी आता तो थांबा येणार हे जाणून ऐकते, तरी दर वेळी मुठी आवळल्या जातात.

यानंतर जे येतं त्यासाठी हा संच घ्या.

‘सॉफ्टली अँड जेंटली’. देवदूताचा निरोप. शब्दांचा अर्थ असा, की हळूच, मायेने, मी तुला हातांत धरते. वाहत्या पाण्यावर तुला तोलते, खाली उतरवते, धरून ठेवते. पाण्यात टाकते असं नाही. उतरवते आणि धरून ठेवते. संगीत अंगाईसारखं आहे, झोका घेत जाणारं. मागे वृंद दोन-तीन थरांत अगदी हळू गातोय. बेकर यांचा आवाज त्यावरून जातो आणि कुठेही जोर लावत नाही. ‘उतरवते’ या शब्दाला स्वर खरंच खाली येतो आणि त्या तो स्वर ठेवतात. ठेवतात असंच म्हणायला हवं.

बाबांच्या अस्थी आम्ही नरसोबाच्या वाडीला नेल्या होत्या, संगमावर. पाणी चढलेलं, गढूळ, पायऱ्या अर्ध्या बुडालेल्या. गुरुजींनी भावाला आणि मला शेवटच्या दिसणाऱ्या पायरीवर बसवलं. भावाने मडकं उचललं आणि तो ते उपडं करणार, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, “ओतू नका. हात पाण्यात घाला आणि सोडा.” मग आम्ही दोघांनी ओंजळ भरून पाण्याखाली नेली आणि बोटं हळूहळू उघडली. पाणीच घेऊन गेलं. हात रिकामे झाल्याचं कळायला वेळ लागला, मी तशीच धरून बसले होते. भावाने मनगटाला धरून माझे हात वर काढले.

बेकर यांचा तो स्वर ऐकताना मला दर वेळी ते मनगट जाणवतं. दुसऱ्या देवदूतांच्या गाण्याने मी भारावते, टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. इथे तळव्यांना पाणी लागतं. हे परीक्षणात लिहायचं की नाही यावर मी बराच विचार केला आणि लिहायचं ठरवलं, कारण या ध्वनिमुद्रणाचा गुण मला याहून अचूक सांगता येत नाही.

घेणाऱ्यांसाठी थोडं. याआधीचं, १९४५ मधलं, माल्कम सार्जंट यांच्या संचालनाखालचं पहिलं संपूर्ण ध्वनिमुद्रणही मिळतं. त्यात हेडल नॅश यांचा गेरॉन्टियस आहे, आणि नुसता टेनर बघायचा तर तो लुइस यांच्यापेक्षा वरचढ. मात्र आवाज जुन्या तबकड्यांचा आहे, त्याची सवय पाहिजे. १९७० च्या दशकातलं एड्रियन बोल्ट यांचं गंभीर, सरळ, नीट बांधलेलं आहे. निकोलाय गेड्डा त्यात गेरॉन्टियस आहेत. ते ऐकून मन शांत होतं, पण माझं मन भरून येत नाही. बार्बिरॉलींचं घेताना पुस्तिका आहे ना, ते विचारून घ्या. शब्द समोर असल्याशिवाय पहिल्यांदा ऐकू नये, आणि स्वस्त आवृत्त्यांमध्ये बऱ्याचदा शब्द दिलेले नसतात. कविता जुनी आहे, त्यामुळे तिचे शब्द इंटरनेटवर सहज मिळतात. ते छापून जवळ ठेवलेत तरी चालेल. हेडफोनपेक्षा खोलीत लावा. आवाज सुरुवातीला वाढवू नका, प्रस्ताव मुद्दाम मंद आहे. आत्ता वाढवलात तर ‘प्रेज’ला धावत जाऊन कमी करावा लागेल. आणि दोन भागांच्या मधे उठून चहा करू नका. तो मधला निःशब्द काळ ऐकायचाच आहे.

गेल्या महिन्यात मी हे भावालाही पाठवलं. तो गाण्यातला नाही, बाबांची हार्मोनियम मला देऊन टाकली ती त्यामुळेच. त्याने बाबांच्या त्याच खोलीत लावलं. काकू आता ८३ वर्षांच्या आहेत, संध्याकाळी अजूनही येऊन बसतात, त्या दिवशीही आल्या होत्या. रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, सगळं नाही झालं ऐकून, लाइट गेले. पण ते सुरुवातीला सगळे मिळून हळू म्हणतात ना, ते काकूंनी परत लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांनी मांडीवर बोटांनी मोजायला सुरुवात केली, आणि मग त्यांचं स्वतःचंच सुरू झालं, त्यांच्या आवाजात, त्यांचं नाम.